दोन गाड्यांची एक गाडी

जुनी जीप घ्यायची म्हटलं की माणसं आधी बॅटरीताईंच्या दारात जात, मग गाडीवाल्याच्या. भर दुपारीसुद्धा त्यांच्या हातातली बॅटरी पेटलेली असायची, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच.

ताई पूर्वी दगडाच्या खाणीवर जीप चालवायच्या. लग्नानंतर नवऱ्याने हौसेने एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. रंग असा की त्यात बघून भांग पाडावा. दरीच्या कडेच्या एका उतारावर ती गाडी मधोमध वाकली. तिचा खालचा लोखंडी सांगाडा कधीतरी मोडला होता, कुणीतरी तो वेल्डिंगने चिकटवून वर काळा रंग फासला होता. दोघं थोडक्यात वाचले. नवरा तो किस्सा अजून सांगतो आणि दरवेळी दरी जराशी खोल करतो. ताईंनी मात्र त्या दिवसापासून गाडीच्या रंगाकडे बघणं सोडलं आणि गाडीखाली झोपायला सुरुवात केली. बघता बघता तोच त्यांचा धंदा झाला.

एकदा गुरांची डॉक्टरीण त्यांच्याकडे आली. डोंगरातल्या वस्त्यांवर जायला तिला दणकट गाडी हवी होती, एक पसंतही पडली होती. विकणाऱ्याचा पत्ता ऐकून ताईंनी हातातली बॅटरी विझवली.

"तो माझा धाकटा भाऊ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसरं कुणी बघा."

"भावाला सांभाळून घ्याल का तुम्ही?"

"नाही."

"मग चला," डॉक्टरीण म्हणाली.

भावाचं आवार टायरचं दुकान आणि लाकडाची वखार यांच्या मधे होतं. गाड्या ओळीने उभ्या, मधोमध ही हिरवी जीप, आणि तिच्या शेजारी भाऊ, लग्नाची लेक दाखवायला उभ्या असलेल्या बापासारखा.

"अगं ताई, तू? घरचीच गाडी आहे, तिच्यात काय बघायचं?"

"घरची असती तर विकायला काढली असतीस का? सरक."

ताईंनी दार उघडलं. मीटर सांगत होता की गाडी फारशी चाललेलीच नाही. ब्रेकच्या पेडलवरचं रबरही कोरं करकरीत. त्यांनी रबर उपटून काढलं, तर खालचं लोखंड घासून गुळगुळीत झालेलं. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात छापलेलं साल एक, मागच्या काचेवरचं भलतंच. काच काय, दगड लागूनही बदलावी लागते, असं म्हणून त्यांनी मनाला समजावलं. मग गोणपाट अंथरलं आणि त्या खाली शिरल्या.

"एक फडका दे, रॉकेलमध्ये बुडवून," त्या आतून ओरडल्या.

भावाने हसत हसत फडका दिला. वर तो डॉक्टरणीला चहा ओतत होता, गाडीचं कौतुक करत होता. खाली ताईंनी नवा काळा रंग पुसायला घेतला. पुढच्या चाकाजवळ सांगाड्यावर ठोकलेला गाडीचा नंबर दिसला. आजूबाजूचं लोखंड कानशीने घासलेलं, आकडे एक वर, एक खाली. आणखी मागे रंग निघाला, तशी वेल्डिंगची जाड वळी दिसली. तशीच दुसऱ्या बाजूलाही. कुणीतरी दोन गाड्या कापून जोडल्या होत्या. अर्धी गाडी एकीची, अर्धी दुसरीची.

"जरा आत ये," त्यांनी भावाला हाक मारली.

तो कुरकुरत, पोट आवळत आत सरकला. लहानपणी पलंगाखाली लपायची तशी दोघं भावंडं शेजारी शेजारी पडली. ताईंनी उजेड जोडावर धरला.

"हे तुला माहीत होतं?"

भावाने जोडावरून बोट फिरवलं. "आईशपथ नाही, ताई. दलालाकडून घेतली. रंग, कागद सगळं बघून घेतली गं."

"मग बाहेर जा आणि तूच सांग तिला."

"ती गेल्यावर बोलू ना. आवारात चारचौघं आहेत. माझी लाज काढतेस?"

"ती गेली तर उद्या दुसरं कुणी येईल."

तो बाहेर आला आणि नुसता कपडे झटकत राहिला. ताईंनी क्षणभर वाट पाहिली. मग त्याच बोलल्या, काहीही हातचं न राखता. जोड दाखवला, नंबर दाखवला, आणि म्हणाल्या, "ही गाडी उतारावर कुणी नेऊ नये. भावाला हे ठाऊक नव्हतं, पण म्हणून गाडी चांगली होत नाही."

"सख्खी बहीण की वैरीण?" भाऊ एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर ताई कोपऱ्यात बसून राहिल्या. नवऱ्याने दरीचा किस्सा काढून बघितला. हसू काही आलं नाही. सकाळी त्या पुन्हा भावाच्या दारात. त्याने दार अर्धवटच उघडलं.

"चौकीवर तू स्वतः जा," ताई म्हणाल्या. "नंबर घासलाय म्हणजे गाडी चोरीची असणार. उद्या पोलीस शोधत आले तर चोर तू ठरशील. मी येते सोबत."

तो गेला, ताईंशी अवाक्षर न बोलता, पण गेला. जीपचा पुढचा भाग चोरीच्या गाडीचा निघाला, मागचा अपघातात चेपलेल्या गाडीचा. पोलिसांनी भावालाच उलटसुलट विचारायला घेतलं, तेव्हा डॉक्टरीण आपणहून तिथे आली. "हे गाडीखालून बाहेर आले तेव्हाचा चेहरा मी पाहिलाय," ती म्हणाली. "असं नाटक करता येत नाही." पुढे दलाल सापडला. भावाचं नुकसान झालं ते झालंच.

त्याचा रुसवा उन्हाळाभर टिकला. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. ताईंनी उचलला.

"एक गाडी बघायचीय," तो म्हणाला. "घ्यायच्या आधी."

ती गाडी दिसायला भयंकर होती, दोन्ही बाजूंनी पोचे. ताई बराच वेळ खाली होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "डॉक्टरणीला कळव."

आता भाऊ खुर्चीत क्वचितच सापडतो. आवारात जाऊन हाक मारावी लागते, मग कुठल्यातरी गाडीखालून ओ येते.