बाईंचा कडू घास

"थांबा. आता काय वाटायलंय, ते आधी सांगा."

टेबलावर पंजा पालथा टेकवून बाई असं म्हणायच्या. समोर कुणीबी असो. एकदा मी प्राचार्यांच्या नावानं बोटं मोडत आलो, तर मलाच विचारलं.

"काय वाटायचंय? टाळकं फिरलंय."

"मग नाव द्या त्याला, मामा. नाव दिलं की राग हातात येतो."

मी परभणीतल्या एका कॉलेजात शिपाई. चौथी नापास, पण मान कुणापुढं वाकवली न्हाई. घंटी वाजवून माणसाला बोलावणारे साहेब तुमीबी पाहिले असतील. बाई मात्र उठून दारात यायच्या.

बाई तिथंच शिकवायच्या, विषय मानसशास्त्र. माणूस राग, दुःख कसं आवरतो, ह्याचा अभ्यास. मयतीच्या घरी बाया गळ्यात पडून, शब्दाला शब्द जोडून रडतात ना, ते ऐकायला त्या ताडकळसच्या बाजूनं खेडोपाडी हिंडायच्या. मी हसलो होतो. "बाई, रडण्यात काय शिकायचंय?"

"त्या रडून उठतात अन् चुलीला लागतात. तुमी गडी न रडता जन्मभर कुढता. शिकायचंय कुणाला, सांगा."

मी टेबल पुसायला लागलो.

इतकी वर्षं त्या कंत्राटावर. उन्हाळ्यात नोकरी संपायची, शाळा-कॉलेजं उघडली की पुन्हा अर्ज. शेवटी कायमची जागा निघाली. मुलाखतीत चहा मीच नेला. विभागप्रमुखांचा भाचाबी उमेदवार, आणि प्रमुख मुद्दाम बाईंना डिवचायलेत, "बायांच्या रडण्यावर डॉक्टरेट? उद्या पोरांच्या शेंबडावर कराल!" सगळे खिदळले. बाईंनी पंजा टेबलावर टेकवला, श्वास घेतला आणि हसून नीट उत्तर दिलं. मी कपबशा ट्रेत आपटूनच गोळा केल्या.

जागा भाच्याला गेली. प्रमुख व्हरांड्यात सांगत होते, "बाईंना गरज दिसली न्हाई. कशा निवांत बसल्या होत्या."

त्या दिवशी बाईंच्या भाड्याच्या खोलीकडं कुणी फिरकलं न्हाई. मयत झालेल्या घरात चूल पेटत नसते, शेजारपाजार कडू घास नेतो. मी घरी बायकोला म्हणालो, "पिठलं-भाकर बांध."

"अवो, कोण गेलं?"

"कुणी न्हाई. बांध."

खोलीवर नेऊन दिलं. बाईंनी फडकं सोडलं, भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मामा, कडू घास आणला?" एक तुकडा तोंडात घातला आणि रडल्या. त्या खेड्यातल्या बायांसारख्याच, हेल काढून, प्रमुखांचं नाव घेऊन. "माझं रान मी नांगरलं, पीक तू नेलंस रे..." सगळी गल्ली गोळा झाली. मी पायरीवर बसलो, आत कुणाला जाऊ दिलं न्हाई. रडणं झाल्यावर बाईंनी उठून तोंड धुतलं आणि उरलेली भाकर खाल्ली.

सकाळी कॉलेजात बातमी पोचलेली. प्रमुख म्हणाले, "स्वतःलाच आवरता येईना. बरं झालं घेतलं न्हाई."

घ्या. गप बसली तर गरज न्हाई, रडली तर लायक न्हाई.

बाई सामान बांधून गेल्या. कुठं, ते कॉलेजात कुणी विचारलंसुद्धा न्हाई.

परवा भाच्याला पाणी द्यायला गेलो. माझं तोंड बघून त्यानं टेबलावर पंजा टेकवला. बाईंचाच ढंग. "थांबा मामा. आता काय वाटायलंय?"

"राग."

"छान. कुणाचा?"

"तुमचा," मी म्हणालो, आणि पाण्याचा तांब्या तसाच उचलून परत घेऊन आलो.