स्टीलमधली तणस

पाणी भरायच्या पितळी गुंडाला चिंच लावली, की त्या आंबट वासानं भंडाऱ्यातला आमचा भांड्यांचा कारखाना आठवतो. बाबांनी तो एका भट्टीवर उभा केला होता. परवा नवा धंदा काढणारा भाचा विचारत होता, "मावशी, आजोबांकडून मी काय शिकू?" मला माझ्या लग्नाआधीची एक दुपार आठवली.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पितळेला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आणि सासरच्यांनीही आंदणात स्टीलचीच भांडी मागितली. बाबा स्वतः बाजारातून घेऊन आले. सवयीनं त्यांनी एका गंजावर, म्हणजे पातेल्यावर, टिचकी मारली, कान लावला. पितळेसारखा आवाज घुमलाच नाही.

"बाबा, नका देऊ हे," मी म्हटलं.

"काहून वं बाई? गिऱ्हाइकाले जे पायजे, तेच द्या लागते."

मग पितळेला पोचे पडू नयेत म्हणून भरायचे, तशी धानाची तणस त्यांनी प्रत्येक भांड्यात हलक्या हातानं भरली.

सासरी भांड्यांचं पोतं सोडलं, तेव्हा सासूबाई हसल्या. "स्टीलले कायले एवढी तणस?"

मी एकेका भांड्यातली तणस काढून जपून ठेवली. परवा भाच्याला मी एवढीच गोष्ट सांगितली.