चाचींच्या भिंतीकडचा उतार

"भले लोग हैं, इसी से तो कहते नहीं बनता," चाची म्हणाल्या.

मी त्यांच्या अंगणाच्या कोपऱ्यातल्या न्हाणीघरात पायांचा चिखल धूत होते. आत आले तेव्हा चाची गच्चीवर होत्या, त्यामुळे मी इथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी नळ बंद केला.

"तो नाव मँगवा लो," चाचा म्हणाले. "बरसात में उसी से आँगन पार करेंगे. सवारी दो, मल्लाह हम."

"धीरे बोलिए. बिटिया यहीं कहीं होगी."

मग खराट्याचा आवाज सुरू झाला. ओल्या फरशीवर फिरणाऱ्या खराट्याचा आवाज वेगळाच असतो. तो थांबेपर्यंत मी दाराची कडी धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा चाचींनी भिंतीच्या कडेला एक गोणपाट टाकलं होतं. बाजेच्या दोन पायांखाली विटा आल्या होत्या. बाजेवर वाळत घातलेल्या उडदाच्या वड्यांची चादर आता बाजेच्या दुसऱ्या टोकाला, ओलीपासून लांब पण उन्हाच्याही बाहेर सरकवलेली होती.

"आ गईं बिटिया? बैठो, चाय चढ़ाती हूँ," त्या म्हणाल्या. मी गोणपाटाकडे पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "पंप टपक रहा है ज़रा," त्या म्हणाल्या.

पंप अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. हे पाणी भिंतीखालून येत होतं, आणि भिंतीपलीकडे आमचा प्लॉट होता.

माझे बाबा रेल्वेत इंजिनिअर आहेत. रुळांखालच्या जमिनीचा अभ्यास हे त्यांचं काम. मी जन्मले तेव्हापासून आम्ही इकडे उत्तरेत सरकारी क्वार्टरमध्येच राहिलो, शेवटची बारा वर्षं मानक नगरच्या कॉलनीत. बाबांची निवृत्ती जवळ आली आणि क्वार्टर सोडायचं ठरल्यावर त्यांनी सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोडपासून आत एका गल्लीत, प्लॉट घेतला. तीस फूट रुंद, पन्नास फूट लांब. आईला आधी तो अजिबात आवडला नव्हता. गल्लीकडून उंच आणि मागे उतरत गेलेला, कारण मागच्या खोलगट जागेतली माती खूप वर्षांपूर्वी वीटभट्टीसाठी काढून नेलेली. "हे घसरगुंडीवर घर बांधणार," ती म्हणाली होती. बाबांना मात्र नेमका उतारच आवडला. सपाट जमिनीवर काय करायचं, असा त्यांचा सूर होता.

मी तेव्हा घरून काम करत होते, कंपनीच्या मजकुराचं संपादन. लॅपटॉप कुठेही चालायचा, म्हणून बाबांना रजा नसेल त्या दिवशी प्लॉटवर मातीच्या भरावाचं काम पाहायला मी जायचे. बोलायचं फारसं नसायचं. मातीच्या ट्रॉल्या मोजायच्या, मातीत विटांचे तुकडे जास्त आले तर फोटो काढायचा. मला माणसांशी बोलायला जड जातं, आणि भरावाचं काम करणाऱ्या मिस्त्रींना ते दोन दिवसांत कळलं होतं. ते मला काही विचारत नसत, नुसतं सांगत: "बिटिया, लिख लो, तीसरी." माझ्यावर उपकार केल्याचं कधी न दाखवता त्यांनी हे केलं, हे मला आता कळतं.

बसायला सावली नव्हती. पहिल्याच दिवशी शेजारच्या दारातून चाची आल्या आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्यांच्याच अंगणात बसायला लावलं. वय साठीच्या पुढे, डोक्यावर पदर, बोलणं इतकं मऊ की नकार द्यायला जागाच सापडू नये. न्हाणीघर त्यांचं, चहा त्यांचा, लॅपटॉप चार्ज करायची जागा त्यांच्या देव्हाऱ्याखाली. मातीवर मारायला पाणी हवं होतं आणि आमची बोअर झाली नव्हती, तेव्हा चाचांनी स्वतः पाइप जोडून दिला. "पड़ोसी का पानी है, लौट के यहीं आएगा," ते हसत म्हणाले होते. आम्हीही हसलो होतो.

आता ते खरंच परत आलं होतं.

मी चहा घेतला. चाची मला वडीचा नवीन घाणा कसा बिघडला ते सांगत होत्या, उडीद बारीक वाटले गेले नाहीत म्हणून. त्यांचे पाय गोणपाटाच्या कडेवर होते, चपला ओल्या. मी "हाँ चाची, हाँ चाची" म्हणत राहिले.

प्लॉटवर परत आल्यावर मी मातीकडे नीट पाहिलं. बाबांनी आलेख कागदावर आखून दिलेलं काम मिस्त्रींनी अगदी तसंच केलं होतं. मातीचा पहिला थर मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरता. पाणी मारून, धुम्मसाने कुटून घट्ट केलेला. तो कागद घेऊन बाबा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसत होते. "पाणी रुळाखाली थांबलं की रूळ गेला," ते म्हणायचे. "घराचंही तेच. पाणी मधे राहू द्यायचं नाही, दोन्हीकडे हाकलून लावायचं." मिस्त्री एकदा म्हणाले होते, "साहब, यहाँ रेल थोड़े चलेगी." बाबा म्हणाले, "चल भी जाए तो धँसे नहीं, ऐसा बनाओ." मिस्त्रींनी मान डोलावली आणि विडी पेटवायला वळले. त्यांना काही म्हणायचं असावं, पण साहेबांच्या कागदासमोर ते बोलले नाहीत.

बाबांची चूक मला त्या दुपारी दिसली. त्यांनी आयुष्यभर पाणी रुळाच्या दोन्ही बाजूंना सोडलं, आणि त्या दोन्ही बाजू रेल्वेच्याच असतात. बाजूला कुणाचं अंगण असतं, त्यात वड्या वाळत असतात, ही गोष्ट त्यांच्या कागदावर कधी आलीच नव्हती. आमच्या उजवीकडे रिकामा प्लॉट होता. डावीकडे चाचींचं घर होतं, जुन्या जमिनीच्या पातळीवर. आजवर गल्लीतलं पाणी आमच्या मोकळ्या प्लॉटवरून मागच्या खड्ड्यात जात होतं. आता आमचा भराव त्याची वाट अडवणार होता आणि वर स्वतःचं पाणीही डावीकडे ढकलणार होता. आज एका पाइपाचं पाणी होतं. अजून चार थर पडायचे होते. ते पडले, त्यावर जोतं उभं राहिलं, की मग काही बदलता येणार नव्हतं. पावसाळ्यात चाचींचं स्वयंपाकघर पाण्यात गेलं असतं, आणि त्यांनी तेव्हाही पंप टपकतो आहे असंच सांगितलं असतं.

चाची सांगणार नव्हत्या, कारण आम्ही भले होतो. मिस्त्री सांगणार नव्हते, कारण बाबा साहेब होते. माहीत असलेली तिसरी मी होते, आणि मी तर वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी.

संध्याकाळी बाबा ऑफिसमधून थेट आले आणि मला स्कूटरवर घेऊन निघाले. कानपूर रोडच्या गर्दीत मी हेल्मेटच्या आत वाक्य तयार करत होते. शाळेमुळे माझं डोकं इंग्रजीत चालतं. इंग्रजीत वाक्य लगेच झालं, पण ते रिपोर्टसारखं होतं, खाली सही करावी असं. हिंदीत केलं तर तक्रार झाली. घरी आई-बाबा मराठीत बोलतात आणि मी हिंदीत उत्तर देते, हे आमचं इतकं जुनं आहे की कुणाला खटकतही नाही. मराठीत मी वाक्य जुळवायचा प्रयत्न केला नाही. मानक नगर आलं.

जेवताना बाबांनी कागद पुन्हा काढला. त्या दिवशी त्यावर खोल्याही होत्या. "ही तुझी," ते म्हणाले. "डावीकडची. दहा बाय बारा. भिंतभर पुस्तकांचं कपाट, खिडकी मागे खड्ड्याकडे. तिथे बगळे येतात, पाहिलेस ना?" मी पाहिले होते. आजवर माझी स्वतंत्र खोली कधी नव्हती. क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत दिवाण आणि त्याखाली माझ्या पुस्तकांच्या पेट्या, अशी मी वाढले. बाबांनी कपाटाचे खण पेन्सिलने एकेक काढले होते. अकरा होते. डोळे भरून आले म्हणून मी पाणी आणायला उठले.

रात्री आई ओटा पुसत असताना तिला सगळं सांगितलं. तिने ओट्याचा कोपरा पुसून काढला. मग म्हणाली, "मग सांग की त्यांना."

"तुम बता दो ना."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मला प्लॉटच आवडला नव्हता म्हणून मी खुसपट काढते. तू तिथे असतेस. तू पाहिलंस." तिने फडकं पिळलं. "आणि ते ओरडणार नाहीत. तुला माहीत आहे."

ते मला माहीत होतं. म्हणूनच अवघड होतं. बाबा ओरडले नसते, त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला असता.

ते घर आता उभं आहे. गेल्या पावसाळ्यात मी खिडकीत उभी राहून गल्लीचं पाणी आमच्या हद्दीच्या आतून, विटांच्या अरुंद नालीतून, मागच्या खड्ड्याकडे जाताना पाहिलं. पलीकडे चाचींचं अंगण कोरडं होतं आणि चाचा छत्री घेऊन मला ओरडून सांगत होते, "नाव बेच दी, बिटिया!" नावेची ती थट्टा मी ऐकली होती हे त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे. मी हसले आणि हात हलवला. नालीत पानं अडकली की मी काठीने काढते. त्या कामाचा मला कंटाळा येत नाही. ज्या माणसांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझ्या न बोलण्याला उद्धटपणा मानलं नाही, त्यांच्यासाठी मी एवढंच करू शकते.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि बाबा स्वतः आले होते. दुसरा थर पडण्याआधी पातळी पाहायची होती. मिस्त्रींनी पारदर्शक नळी आणली, पाणी भरलेली. एक टोक बाबांच्या हातात, गल्लीकडे. दुसरं माझ्या हातात, चाचींच्या भिंतीपाशी. मला हे काम आवडायचं. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर येऊन थांबतं, मध्ये जमीन कितीही वरखाली असो. आपण फक्त खूण पाहायची.

"बोल, कितीवर आहे?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात चाची ट्रेमध्ये चहा घेऊन आल्या. बाबांनी नळी मिस्त्रींच्या हातात दिली, हात जोडले. "भाभीजी, रोज़ आपको तकलीफ़ देते हैं. काम से कोई परेशानी तो नहीं हो रही?"

"अरे नहीं भाईसाहब," चाची म्हणाल्या. "आप लोगों के आने से तो रौनक हो गई."

त्या हसत होत्या. साडीची कड मात्र घोट्यापर्यंत ओली होती. बाबा खूश झाले. मिस्त्री मातीकडे पाहत होते. गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली येऊन थांबली आणि ड्रायव्हरने विचारलं, "कहाँ पलटें?"

मिस्त्रींनी बोट उचललं, डावीकडे दाखवायला.

मी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला. बाबांना इथे, त्यांच्या मिस्त्रींसमोर आणि चाचींसमोर चुकलात म्हणणं मला हिंदीत जमलं नसतं. चाचींचं सौजन्यही त्यांच्या तोंडावर मोडलं असतं. आणि तेव्हा मला दिसलं की इथे आम्हा दोघांपुरती एक भाषा आहे, जिच्यात बाबा माझ्याशी आयुष्यभर बोलत आले आणि मी तिच्यात त्यांना कधी उत्तर दिलं नाही. तिच्यात बोललं तर ऐकतील सगळे, पण कळेल फक्त बाबांना.

"रुकिए," मी ड्रायव्हरला म्हणाले. मग बाबांकडे वळले.

"बाबा, काल आपलं पाणी यांच्याकडे उतरलं. त्या सांगणार नाहीत. या भिंतीलगत, आपल्या बाजूने, चर काढा. दोन फूट लागतील. ते माझ्या खोलीतले घ्या."