वाकून कापायचं गवत

येडगावात आमच्या ओट्यासमोर अंगण आणि अंगणापलीकडे थोडी जागा सोडून ऊस. मधल्या कमरेएवढ्या गवतातून बिबट्याने आमचा कुत्रा उचलला, तोही दिवसाउजेडी. दादांनी, माझ्या वडिलांनी, ते सगळं गवत काढलं. नुसती माती ठेवली तर पुन्हा रान माजणार, म्हणून तिथे बुटकं गवत लावायचं ठरलं, उसातून काही निघालं तर लांबूनच दिसावं म्हणून.

जुन्नरच्या रोपवाटिकेत गालिच्यासारखं लॉन मिळत होतं. "रोज पाणी लागंल, ताई," तिथला माणूस म्हणाला. धरणाच्या पाण्याच्या वाटपाबद्दलची पत्रकं वाचतच मी मोठी झाले; एसटी स्टँडवर ती वाटलीही. असलं गवत मी दारात येऊ देणार नव्हते. मी म्हटलं, हरळी लावू.

दादा भडकले. "जल्मभर खणून बांधावर फेकली ती. आता दारात लावू व्हय?"

"लावा," आई म्हणाली. "मारून मरत न्हाई, आजून काय पायजे?"

हरळी पसरली, पण पावसाळ्यात ती सारखी कापावी लागते. आई उकिडवी बसून विळ्याने कापायची. बसलेलं माणूस बिबट्याला शेरडाएवढं दिसतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणून एकीने कापायचं आणि दुसरीने काठी घेऊन, उसाकडे तोंड करून, मोठ्याने बोलत उभं राहायचं.

त्या दुपारी मी उभी होते. शेतीला दिवसा वीज का मिळत नाही, यावर माझा आवाज चढला होता.

"चालू ठिव तुझं भाषण," आई खाली मान घालून म्हणाली. "वाघाला बी झोप यील."

उसात सातभाई पक्षी एकदम कलकलले आणि गप्प झाले. वारा नव्हता, तरी पाचट वाजलं. पानं हलत होती, एका सरळ रेषेत, आईच्या पाठीकडे. माझं बोलणं तुटलं.

"का गं, थांबलीस?"

तिने वर पाहिलं, माझा चेहरा पाहिला. "ऊठ," एवढंच कसंबसं निघालं. ती उठली, उसाकडे वळली, विळ्याचा हात उंच धरून एकेक पाऊल मागे आली. पानं हलायची थांबली. आम्ही ओट्यावर पोचलो तरी पानं तशीच स्तब्ध होती.

संध्याकाळी दादांना उसाच्या कडेच्या ओल्या मातीत ठसे दिसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवत कापायच्या मशीनची गोष्ट काढली. "त्याच्या घरघरीत उसातलं काय ऐकू यायचं?" आईने विचारलं. मग त्यांनी विळा लांब बांबूला बांधून दिला. आता ती उभ्याने कापते. गवत कुठे टक्कल, कुठे झुबका असं दिसतं.

उसाच्या कडेची पट्टी मात्र आम्ही दोघींनी, एकमेकींना काही न सांगता, सोडून दिली आहे. हरळीच्या वर तिथे दुसरं उंच गवत उठलंय. दर खेपेला आई जरा अलीकडेच हात थांबवते. मीही काठी घेऊन जरा अलीकडेच उभी राहते.