रजनीताईच्या फोटोला हार नाही

रजनीताईच्या फोटोला हार लावून मला टॅग केलंत, तर सरळ अनफ्रेंड करीन.

तिचे नातेवाईक असाल तरी.

आज ताईला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून व्हॉट्सॲपवर तिचेच फोटो येत आहेत. गळ्यात झेंडूचा हार, खाली जळती मेणबत्ती.

असले फोटो बनवणं माझाच धंदा आहे. गोल बाजारात माझं फ्लेक्सचं दुकान. हाराची तयार फाईलच आहे आमच्याकडे, कोणी गेलं की फोटोवर चिकटवायची आणि प्रिंट.

बाकीच्यांना लावून देतो. ताईला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताई डिजिटल कोलाज करायची. लोकांचे जुने फोटो स्कॅन करायचे, कॉम्प्युटरवर कापायचे, जोडायचे, आणि सरकारी इमारतींच्या भिंतींवर त्यांची भलीमोठी म्युरल्स लावायची. प्रिंट माझ्याकडे.

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीचं काम मिळालं तेव्हा ती पुरानी बस्तीत, अभनपूरच्या बाजारात, आमच्या रेल्वे कॉलनीत दारोदार फिरली. कोणाचा चेहरा घेतला, कोणाच्या लुगड्याचा काठ, कोणाची सायकल. जिवंत आणि गेलेली माणसं एकाच रांगेत उभी केली.

एका आजोबांनी बायकोची फ्रेम आणली, चंदनाच्या हारासकट. ताई म्हणाली, हार तुम्हीच काढा. त्यांनी काढून खिशात ठेवला आणि बराच वेळ फोटो बघत बसले. आता ही परत घरातली वाटते, असं काहीतरी म्हणाले.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. स्टाफने म्युरलच्या वरच्या कडेला आधीच खिळे ठोकून ठेवले होते, आणि हा एवढा मोठा हार.

ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"साहब, इसमें कौन ज़िंदा है, कौन गया, ये सिर्फ़ मुझे मालूम है. और मैं बताऊँगी नहीं. हार नहीं लगेगा."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हार टेबलावर टाकून निघून गेले. नंतर लागलेल्या पाटीवर ताईचं नाव नव्हतं, आणि पुढच्या इमारतीची भिंत दुसऱ्याच कोणाला मिळाली.

मीच चिडलो तिच्यावर. म्हटलं, एक दिवस लावू दिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?

"बिमार माणूस तिथं नंबराची वाट पाहून राहिला, अन् त्याच्या समोर हार घातलेली माणसं? काहून भेव दाखवता त्याले?"

मग एक दिवस ती स्वतःच ओपीडीत त्या भिंतीसमोरच्या बाकावर बसली. डोक्याला स्कार्फ, हातात फाईल. तपासणीला मी सोबत जायचो. शेजारच्या बाईने एकदा भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, ही सगळी माणसं कोण?

"लाइन में हैं, दीदी. अपने ही जैसे."

आणि हसली. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

काल दुकानात ऑपरेटरने सवयीने तिच्या बॅनरवर हार चिकटवला. मी तिथेच काढायला लावला. तिच्या मामांचा फोन आला, बिनहाराचा फोटो बरा दिसत नाही, लोक काय म्हणतील?

म्हणू देत. हार घालणारे खूप होते. ती त्या मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या बाजूने एकही नव्हता.

बॅनर दुकानासमोर लावलाय. फक्त ताई आणि तिचं नाव. मस्त हसते आहे.

आज सकाळी समोरच्या चहावाल्याने वर बघून विचारलं, "दीदी के जनमदिन हे का, भैया?"

"हव," म्हणत मी मान डोलावली.

त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. मीही त्याला काही सांगितलं नाही.

ताई, तुला श्रद्धांजली. भावपूर्ण आहे. हार नाही.