तार हवेत, साहेब काचेआड

मित्रहो, मी भाड्याची गाडी चालवतो. आज कपाशीवरच्या बोंडअळीच्या नुकसानीचा पंचनामा कराले सरकारी साहेबायले घेऊन गेलतो. दारव्ह्याजवळ गाडीनं दम सोडला.

मेकॅनिक म्हणे, "हवा मोजणारा सेन्सर मळला. आत गरम तार असते. हवा तिले जितकी थंड करते, तितकं डिझेल कम्प्युटर सोडते. तारेवर धूळ बसली का त्याले हवा कमीच वाटते."

साहेब चिडले. "मोजमापच चुकलं तर गाडी चालेल कशी?"

मेकॅनिकनं सेन्सरवर स्प्रे मारला, गाडी निघाली. पुढं एक बाई सडकी बोंडं ओंजळीत घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभी होती. साहेबायनं एसीतली काचही खाली केली नाही. कागदावर लिहिलं, नुकसान किरकोळ.

सेन्सरचा स्प्रे दुकानात भेटते. साहेबायसाठी काय भेटते, कोणाले माहीत असन तर सांगा.