न धुतलेल्या हुडीतले काका

कनाटा या उपनगरातल्या बसमध्ये सकाळी एक मराठी काका दिसायचे, आणि काय सांगू, त्यांच्या हुडीला इतका वास यायचा की शेजारची सीट रिकामीच. मी नवीन, जाऊन बसले.

"काका, लॉन्ड्री बंद आहे का?"

"अगं, ही मुलाची हुडी. तो व्हँकुव्हरला गेला आणि त्याचा पाळलेला अजगर मला चिकटवला. सापाला वासावरून माणूस कळतो. ही घातली की गुमान हातावर बसतो."

"मग बसमध्ये कशाला?"

"माझा वास हळूहळू हिच्यात मुरायला हवा. विरजणासारखं. नाही जमलं तर मुलगा अजगर दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार, आणि मला तर आता त्याच्याशिवाय करमत नाही."

ते मोबाइलसुद्धा खालून, सावकाश उचलायचे. वरून हात आला की साप बिचकतो म्हणे.

एका सोमवारी काका चक्क इस्त्रीच्या शर्टात. अंगठ्याला बँडेज, चेहरा मात्र खुललेला.

"चावला?"

"हो, हुडी न घालता उचलला तेव्हा. पण मला चावला. इतके दिवस मुलाचे लाड चालले होते, आता आमची खरी ओळख झाली."

"मुलाला सांगितलंत?"

"वेडी का तू? त्याला हुडीतला फोटो पाठवला."